एका गाडीएवढी जागा

माझा मामा रस्त्यावर पांढरे पट्टे मारतो. बावीस वर्षं झाली. काय करता, असं कुणी विचारलं की तो म्हणतो, रस्त्याला रेघा ओढतो, आणि समोरचा हसला की त्याला बरं वाटतं. घरात सगळे त्याला रेघमास्तर म्हणतात. वाकडं काही त्याला सहन होत नाही. भिंतीवरचं कॅलेंडर, ताटाजवळचा चमचा, दाराबाहेरच्या चपला, जाता-येता तो सरळ करत असतो. मामी म्हणते, मला बघायला आले तेव्हाही यांनी आधी मनातल्या मनात दोरी लावून पाहिली असेल.

दोरी हा त्याच्या कामातला महत्त्वाचा भाग. आदल्या दिवशी मोजमाप होतं आणि पट्टा जिथून जायचा तिथे दीड-दीड मीटरवर तैलरंगाचे बटणाएवढे ठिपके दिले जातात. दुसऱ्या दिवशी निळ्या खडूच्या भुकटीत घोळवलेली दोरी त्या ठिपक्यांवरून ताणायची, मधोमध चिमटीत उचलायची आणि सोडून द्यायची. डांबरावर निळी रेघ उमटते. मग बॉयलरमध्ये वितळवलेला पांढऱ्या रंगाचा माल हातगाड्यात ओतायचा आणि त्या रेघेवरून गाडा ढकलत न्यायचा. पट्टा ओला असतानाच त्यावर काचेची बारीक भुकटी पेरायची, म्हणजे दिव्याच्या उजेडात तो चमकतो.

आणि रस्त्यात कुणाची गाडी उभी असेल तर? तर ‘गाडी सोडून पुढे’. या कामातला हा जुना रिवाज आहे. मालकाला हाक मारायची, तो आला तर आला. नाहीच आला तर तेवढी जागा वगळून पट्टा पुढे न्यायचा आणि नंतर कधीतरी येऊन भरायचा. बॉयलर तापलेला असतो, माल करपतो, थांबून भागत नाही. बाकीचे लोक अशा ठिकाणी पट्टा कसाही तोडतात, फाटलेल्या कागदासारखा. मामा तसं करत नाही. तो दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावतो आणि कडा काटकोनात कापल्यासारख्या करतो. दोन दिवसांनी भरायचंच आहे, मग एवढी हौस कशाला, असं मुकादम त्याला कितीदा तरी म्हणाला असेल.

मामी कपड्यांच्या कारखान्यात कटर आहे. टेबलावर कापडाचे चाळीस थर पसरून त्यातून एका फेरीत चाळीस बाह्या कापून काढते. कारखाना सहा किलोमीटरवर आहे आणि ती सायकलने जाते. मोठ्या रस्त्याने जाताना तिने जे ऐकलंय ते ती जेवताना सांगते. एकजण काच खाली करून म्हणाला, फुटपाथवरून चालवा ना ताई. फुटपाथवर चढली तर दुसरा म्हणाला, हा काय सायकलचा रस्ता आहे का? सिग्नलला मागचा हॉर्न वाजवतो, जणू लाल दिवा हिनेच लावलाय. मामीचं म्हणणं असं, की गाडीत बसलेल्या माणसाला रस्त्यावर दोनच जाती दिसतात, एक त्याची आणि दुसरी आडवी येणारी.

म्हणून जेव्हा त्या रस्त्यावर कडेने सायकल ट्रॅक आखायचं ठरलं आणि पट्टा मारायला मामाचीच टोळी गेली, तेव्हा घरात आनंद झाला. मामी म्हणाली, लग्नानंतर पहिल्यांदा यांनी माझ्यासाठी काहीतरी केलंय, तेही सहा किलोमीटर लांब.

ट्रॅक होऊन सात महिने झाले होते तेव्हा मामी पडली.

सकाळची सव्वाआठची वेळ. चष्म्यांच्या एका मोठ्या दुकानासमोर ट्रॅकमध्ये एक करडी गाडी उभी होती. ती रोजच असते, दुकानाच्या मालकाची. मामी रोजच्यासारखी मागे बघून, उजवा हात दाखवून, गाडीच्या बाहेरच्या बाजूने निघाली आणि गाडीचं दार उघडलं. उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं. दाराला पोचा आला. मालकाने आधी दार पाहिलं. हे मामीने स्वतः सांगितलं, आवाज न चढवता. "मी खाली पडलेली, आणि तो दारावरून हात फिरवत होता."

मग त्याने जबाब दिला, की मागून कुणी येतंय असं दिसलंच नाही. माणूस दिवसभर लोकांना विचारतो, हे अक्षर दिसतंय का, आता ते दिसतंय का. त्याला सायकलवरची एक अख्खी बाई दिसली नाही.

चौथ्या दिवशी हवालदाराने पंचनाम्याची प्रत दिली. मामीच्या हाताला प्लास्टर होतं, म्हणून मीच ती वाचून दाखवली. त्यात लिहिलं होतं, की सदर ठिकाणी सायकल ट्रॅक अस्तित्वात नसून पट्टा दोन्ही बाजूंस व्यवस्थित संपवलेला आहे, सबब ती जागा गाडी उभी करण्यासाठी मोकळी ठेवलेली दिसते. सदर महिला सायकलसह मोटारींच्या रस्त्यात घुसली व उघडत्या दारास धडकली.

मामीने मला पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाली, "दार मला धडकलं, मी दाराला नाही. आणि मी कुठेही घुसले नाही. माझ्या जागेत तो घुसला होता."

दुखण्याचं तिला एवढं वाटलं नव्हतं जेवढं त्या शब्दाचं वाटलं. अठरा वर्षं ती रस्त्याच्या कडेला अंग चोरून सायकल चालवत आली, आणि सरकारी कागदावर तिच्या नावापुढे राहिलं काय, तर घुसली. प्लास्टर निघेल, पण हा शब्द निघायला हवा, एवढंच तिचं म्हणणं होतं. कारखान्यातल्या बायका भेटायला आल्या तेव्हा त्यांनाही ती हेच सांगत होती. आणि प्रत्येकीला एकच प्रश्न विचारत होती, की अख्ख्या रस्त्याला ट्रॅक आहे, मग बरोबर त्याच्याच दुकानासमोर तो तुटतो कसा?

मामा ते ऐकत होता. चपला सरळ करत होता. त्या संध्याकाळी मुकादमाचा फोन आला तेव्हा तो बाहेर जाऊन बोलला. परत आला आणि मामीसमोर खुर्ची ओढून बसला.

"तिथला पट्टा मी सोडलाय," तो म्हणाला.

मग त्याने सगळं सांगितलं. त्या दिवशी ती करडी गाडी तिथेच होती. तो स्वतः दुकानात गेला होता. मालक म्हणाला, पाच मिनिटं. वीस मिनिटं झाली. दुसऱ्यांदा गेला तर मालक म्हणाला, माझं गिऱ्हाईक बसलंय, तुमची रेघ काय पळून चाललीय? मुकादम म्हणाला, सोड, पुढच्या आठवड्यात भरू. पुढच्या आठवड्यात टोळी दुसऱ्या रस्त्यावर गेली आणि इथलं काम पूर्ण झालं म्हणून कागद वर गेले. आता पोलिसांचे लोक तिथे फिरताहेत म्हटल्यावर मुकादमाला घाम फुटला होता. गाडी दार दुरुस्त करायला गॅरेजमध्ये आहे, जागा मोकळी आहे, उद्या आठ वाजता गुपचूप भरून टाकू, असं सांगायला त्याने फोन केला होता.

म्हणजे ज्या दुकानदाराने जागा सोडायला लावली त्याच्याच बाजूने आता कागद म्हणत होता, की इथे जागा सुटलेली आहे, म्हणून गाडी लावली. आणि ते खरं वाटत होतं, कारण मामाने टोकं इतकी नीट केली होती. वेडीवाकडी सोडली असती तर आंधळ्यालाही कळलं असतं की काम अर्धवट आहे.

मामी म्हणाली, "टोकं मात्र छान केलीत हो."

मामाने मान खाली घातली. मग ती म्हणाली, "उद्या भरणार म्हणजे काहीच उरणार नाही."

"ठिपके असतील," मामा म्हणाला. "आदल्या दिवशी दिलेले. गाडी रोज त्यांच्यावरच उभी असते, त्यामुळे त्यांच्यावरून कुणाचं चाक गेलेलं नाही. पण माल पडला की तेही गेले."

"आणि ते दाखवले तर तुमच्या नोकरीचं काय?"

मामा उठला आणि कोनाड्यातली दोरी घेऊन गुंडाळी सोडवत बसला.

सकाळी सात वाजता तो चौकीत गेला. हवालदाराला त्याने काय सांगितलं ते मला माहीत नाही, पण साडेसात वाजता हवालदार त्याच्यासोबत पायी येताना दिसला, चहा अर्धा टाकून आल्यासारखा चेहरा करून. मी आणि मामी पलीकडच्या फुटपाथवर उभ्या होतो. मामाने बादलीभर पाणी ओतलं आणि गुडघ्यांवर बसून ब्रशने डांबर घासायला लागला. तेलाचे डाग होते, मातीचा थर होता. लोक थांबून बघत होते. एका गाडीवाल्याने त्याला चुकवून जाताना शिवी दिली. ती मामाने ऐकली असेल, पण त्याचा हात थांबला नाही.

पहिला ठिपका दिसला. मग दुसरा. मग तिसरा.

करड्या गाडीचे मालक, ते चष्मेवाले, दुकान उघडायला आले होते. ते म्हणाले, असले ठिपके रस्त्यावर शंभर असतात, गाडीतून रंग सांडला असेल. तेवढ्यात मुकादमही टेम्पो घेऊन पोचला आणि लांबूनच हातवारे करायला लागला.

मामाने कुणाशी वाद घातला नाही. दोरीचं एक टोक हवालदाराच्या हातात दिलं आणि म्हणाला, "साहेब, हे पट्ट्याच्या कडेवर दाबून धरा." दुसरं टोक घेऊन तो पलीकडच्या पट्ट्यापर्यंत गेला. दोरी ताणली, वाकून मधोमध उचलली आणि सोडली. निळी रेघ उमटली आणि तिन्ही ठिपके बरोबर तिच्यावर आले, टाचणीचंही अंतर नाही.

हवालदार खाली वाकला. मग त्याने मामाला विचारलं, "हे सोडलं कुणी?"

"मी," मामा म्हणाला. "यांची गाडी होती. हटवा म्हणून दोनदा सांगितलं. हटवली नाही, तर मी थांबायला पाहिजे होतं. थांबलो नाही."

मुकादमाने घसा खाकरला आणि लगेच भरून घेऊ म्हणाला. हवालदार म्हणाला, आता काही भरू नका, फोटो होऊ देत. मग त्याने चष्मेवाल्यांकडे बघून नवा जबाब लिहायला कागद मागवला. त्यांनी शेवटपर्यंत एकदाही रस्त्याच्या पलीकडे पाहिलं नाही, जिथे गळ्यात हात अडकवून ती बाई उभी होती.

नवा कागद यायला तीन आठवडे लागले. सदर गाडी सायकलसाठी राखलेल्या जागेत उभी होती, सबब महिलेस बाहेरून जाणे भाग पडले. मामीने तो दोनदा वाचून घेतला आणि घडी करून तिच्या कापडाच्या नमुन्यांमध्ये ठेवला. कारखान्यात ती परत गेली, पण चाळीस थरांच्या मशीनवर नाही. मनगट वळत नाही पूर्ण. आता ती कापलेल्या बाह्यांच्या जोड्या लावते.

मामाकडे खुलासा मागवला गेला. मुकादमाकडे कुणी काही मागितलं नाही. मामाने दोन ओळी लिहिल्या: गाडी उभी होती. मी थांबलो नाही, ही माझी चूक. उत्तरादाखल हुकूम आला, की ती जागा त्यानेच भरायची आणि मग पुढल्या महिन्यापासून गोदामात बसायचं.

भरायला गेला त्या दिवशी करडी गाडी तिथेच उभी होती. दार नवंकोरं.

मामा दुकानात गेला. पाच मिनिटं, असं उत्तर मिळालं. मामा बाहेर आला, त्याने गाडीच्या मागेपुढे लाल त्रिकोण लावले, बॉयलर पेटवला आणि फुटपाथच्या कडेला बसला. रस्ता तेवढ्या जागी अरुंद झाला. गाड्या तुंबायला लागल्या. हॉर्न सुरू झाले, मग शिव्या. कुणी विचारलं, एवढ्याशा रेघेसाठी सगळ्यांना उभं करणार का? सोबतचा माणूस म्हणाला, मास्तर, माल करपेल, सोडून पुढे जाऊ. मामा मालात दांडा फिरवत म्हणाला, "पुढे काही नाही. एवढंच आहे."

दीड तास गेला. माल एकदा करपला, ओतून दिला, दुसरा घातला. शेवटी मागे अडकलेल्या गाडीवाल्यांनीच दुकानात जाऊन आरडाओरडा केला, आणि तेव्हा कुठे चष्मेवाले किल्ली घेऊन बाहेर आले. सायकलवाल्या बाईसाठी जे हलले नव्हते, ते गाडीवाल्यांसाठी एका मिनिटात हलले.

पट्टा मारायला दोन मिनिटं लागली.

मी त्या रस्त्याने परवा गेले. जुना पट्टा आता मळलाय, तेवढा तुकडा मात्र अजून पांढराशुभ्र आहे. दोन्ही बाजूंना सांधा इतका सरळ की बोट फिरवलं तरी कळू नये. कुणालाही लांबूनच मोजता येतो, बरोबर एका गाडीएवढा. त्याच्यावर गाडीच्या टायरचे ओले ठसे होते.

मामी रोज तिथूनच जाते. तिथे आली की मागे बघते, हात दाखवते. डावा.