तो कुठं हसला?

मनकर्णा मावशीच्या लक्षात सिनेमाचं नाव कधी राहत नसे. 'ते हिरव्या मोटरीवालं', 'ते विहिरीत उडी मारते तेवालं', अशी तिची स्वतःची नावं. तरी इतवारीतल्या तिच्या गल्लीत नव्या सिनेमाची बातमी आली की बायका आधी तिच्या दारात. मावशी मॅटिनी पाहून आलेली असायची. ओसरीवर टेकायची, घोटभर पाणी प्यायची आणि निकाल द्यायची. निकाल तीनच: 'पाहा', 'चालते' आणि 'बंडल'.

कारणं मात्र तिची तिचीच. "एवढा मोठा हॉल, दोन्हीकून जिने. झाडते कोण? पुऱ्या पिक्चरमध्ये एक बाई झाडू घेऊन दिसली नाही." किंवा, "हिरो सकाळपासून गाणेच म्हणून राहिला. कामावर कधी जाते हा?" किंवा, "माय आंधळी झाली म्हणते अन् सुईत दोरा बरोबर ओवते!" गल्लीचा जीव की प्राण असलेल्या एका नायकाबद्दल ती म्हणाली, "हा रडते कुठं, शिंक अडकल्यावानी करते." शेजारणीनं त्यावरून तिच्याशी अबोला धरला. मावशीला त्याचं काही नव्हतं. विचारलं म्हणून सांगितलं, एवढंच तिचं म्हणणं.

मी जयवंता, तिच्या धाकट्या बहिणीची, पार्वतीबाईची मुलगी. माझे बाबा, देवराव, खापरखेड्याच्या वीजकेंद्रात फिटर होते आणि आम्ही तिथल्या कॉलनीत राहायचो. मावशीला मूलबाळ नव्हतं, म्हणून उन्हाळ्याची सुटी आम्हा भावंडांची तिच्याकडेच. तिथं जेवायला बसताना आमची मारामारी व्हायची ती ताटावरून. जर्मनची, म्हणजे अल्युमिनियमची ताटं, आणि जवळजवळ सगळ्यांचे काठ चेपलेले. जमिनीवर ठेवलं की डुगडुगायची, वरण एकीकडे पळायचं. सपाट बसणारं ताट एकच होतं आणि ते प्रत्येकाला हवं असायचं. "बाई, भांडे आपटून काहून घासतं वं?" असं आई तिला म्हणायची. "हात जड हाय माझा," म्हणून मावशी हसायची.

मावसाजी, म्हणजे तिचे यजमान रुपराव, कापडाच्या दुकानात होते. बोलायचे कमी. आमच्यासाठी संध्याकाळी पेपरमिंटच्या गोळ्या आणायचे. पडद्यावरच्या माणसांची मावशी जराही भीड ठेवत नसे, पण घरातल्या माणसाबद्दल तिच्या तोंडून कधी अर्धा शब्द निघाला नाही. हे तेव्हा आमच्यापैकी कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

चौऱ्याहत्तर साली माझ्यासाठी शालिकराम नावाच्या मुलाचं स्थळ आलं. वाडीला ट्रान्सपोर्टच्या गोदामात कारकून, हातात घड्याळ, अंगात टेरिलीनचा शर्ट, आणि केसांचा कोंबडा असा की मी पोह्याची बशी पुढे करताना त्याच्याकडेच पाहत राहिले. हुंड्याची मागणी काही नव्हती. बाबा खूश, आई खूश, आणि माझं तर विचारूच नका, मी मनातल्या मनात वाडीला बिऱ्हाडसुद्धा थाटलं होतं. फक्त होकार कळवायचा राहिला होता. तेवढ्यात मुलाकडून निरोप आला की मुलामुलीनं एक सिनेमा सोबत पाहावा, मोठी माणसं असतीलच. फार सुधारलेली गोष्ट वाटली ती आम्हाला. कॉलनीत मी ती चार जणींना सांगून आले.

सीताबर्डीवरच्या टॉकीजमध्ये आम्ही एका ओळीत बसलो. एका टोकाला बाबा आणि मावसाजी, मग आई, मी, मावशी आणि तिच्या पलीकडे शालिकराम. मावशीनं मुद्दामच मध्ये जागा धरली असं वाटून मी जरा चिडलेच होते.

सिनेमा साधाच होता. इंटरवलच्या आधी एक प्रसंग आला. नायिका नवऱ्यापुढे ताट ठेवते, भाजीत मीठ जास्त असतं, तो ताट भिरकावतो. ताट उभं राहून चाकासारखं गडगडत जातं, ती वाकून त्याच्या मागे धावते, ते हाताला लागत नाही, पुन्हा पुढे जातं. सगळं टॉकीज गप्प होतं. शालिकराम हसला. मोठ्यानं नव्हे, नाकातून फुस्सकन. मीही ऐकलं. मला त्यात काही वाटलं नाही. इंटरवलमध्ये त्यानं सगळ्यांसाठी समोसे आणले. मी माझा पुरवून पुरवून खाल्ला. मावशीनं तिचा रुमालात बांधून ठेवला.

सिनेमा सुटल्यावर तो वाडीला गेला आणि आम्ही इतवारीत मावशीकडे आलो. मावसाजी खाटेवर बसून अडकित्त्यानं सुपारी कातरायला लागले. मावशीनं पानं वाढली. बाबा हात धुऊन बसता बसता म्हणाले, "मंग कळवून टाकतो उद्या."

"बंडल," मावशी म्हणाली.

आम्ही सगळे हसलो. सिनेमाचा निकाल आला असं वाटलं आम्हाला.

"पिक्चरचं नाही म्हणून राहिली मी," ती म्हणाली. "पोराचं म्हणते. देवरावजी, तिथं देऊ नका जयवंताले."

आईच्या हातातली पळी तशीच राहिली. बाबांनी कारण विचारलं. मावशीनं तो ताटाचा प्रसंग सांगितला. "तो तिथं हासला," ती म्हणाली.

"आता घ्या!" बाबा म्हणाले. "ताट गडगडत गेलं म्हणून हासला असंन पोरगा. एवढ्यावरून स्थळ सोडू? लोकायले काय सांगू?"

माझा तर तोल गेला. "तुले कोणी पसंत पडते का वं मावशी? हिरो नाही, हिरोइन नाही, त्यायची माय नाही! हा काही पिक्चर नाही, माझं लग्न हाय!" बोलताना माझा आवाज रडका झाला होता आणि त्याचा मला आणखी राग आला.

मावशी चिडली नाही. माझ्यापुढचं ताट डुगडुगत होतं, त्याच्या काठावर तिनं बोट ठेवलं, तेव्हा ते थांबलं.

"ताट मलेही दिसलं, पोरी," ती म्हणाली. "पण मले त्याच्या मांगं धावणारी बाईही दिसली. त्याले ते दिसली नाही." मग थांबून, आईकडे न पाहता म्हणाली, "लग्नानंतरचा आमचा पहिला पिक्चर. असंच होतं काहीतरी. हे बी हासले होते. मले वाटलं, गमतीचा माणूस हाय. पार्वती, तू पुसतं न, ताटं कशानं चेपले म्हणून? घासल्यानं नाही चेपले."

अडकित्ता थांबला होता. मावसाजींकडे पाहायची कोणाची हिंमत होईना. इतकी वर्षं त्या ताटांसाठी आम्ही भांडलो होतो. इतक्या वर्षांत न बोललेलं ती आज माझ्यासाठी बोलली होती, नवऱ्यासमोर, बहिणीच्या नवऱ्यासमोर. आता काय होईल याची मला भीती वाटली. बाबा उठायच्या बेतात होते.

"देवराव," मावसाजी म्हणाले. आवाज अगदी खाली होता. "नाही म्हणून कळवा. हे खरं सांगून राहिली."

एवढंच. मग ते उठून आमच्या पंगतीला आले आणि सगळ्यांत जास्त डुगडुगणारं ताट ओढून जेवायला बसले.

बाबांनी नकार कळवला. मी नंतर कितीतरी दिवस वाडीच्या नावानं रडले. शालिकराम पुढे कसा निघाला, मला ठाऊक नाही. चांगलाही निघाला असेल, माणसाचं काही सांगता येतं का? पुढल्या वर्षी खापरखेड्याच्याच मनोहररावांचं स्थळ आलं. त्यांनाही मावशीनं सिनेमाला नेलंच. ते सुरुवातीच्या नावांच्या पाट्या संपायच्या आत झोपले आणि इंटरवलला हलवून उठवावे लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मावशी बाहेर येऊन म्हणाली, "पाहा!" आणि माझं लग्न ठरलं.

मग आमच्याकडे टीव्ही आला. मावशी आणि मावसाजी रविवारचा सिनेमा पाहायला मुक्कामीच यायचे. मावशीचं तोंड तिथंही चालूच. शेतीच्या कार्यक्रमातला शेतकरी तिला सगळ्यांत आवडायचा. "हा खरा हाय, पाहा कसा अवघडून बसला." मालिकेतली बाई झोपेतून उठली तरी टिकली जागच्या जागी, यावर ती प्रत्येक वेळी हरकत घ्यायची. मनोहरराव भिंतीला टेकून घोरायचे. मावसाजी खाली चटईवर बसून तिच्यासाठी सुपारी बारीक कातरायचे. तिचे दात गेले होते.

एका रविवारी आम्ही दोघी स्वयंपाकघरात असताना मी धीर करून विचारलं, "मावशी, मावसाजी आता कसे हायेत वं?"

तिनं जरा विचार केला, अगदी मॅटिनी पाहून आल्यावर करायची तसा.

"इंटरवलपर्यंत बंडल," ती म्हणाली. "त्याच्यानंतर चालते. बरं हाय, पाहण्यासारखं हाय." मग पोळी उलटली. "पण तिकीट तर पुऱ्या पिक्चरचंच लागलं न वं मले."

तिनं माझ्या पाठीवर पिठाचा हात ठेवला आणि म्हणाली, "जाय, तुह्या नवऱ्याले उठव. ताटं वाढले."