कीबोर्डच्या पोटातला करंट

डॉक्टरकडे गेलेला माणूस काय होतंय ते सांगतो. आमच्याकडे आलेला माणूस आपण काय केलं नाही ते आधी सांगायचा. "मी हातसुद्धा लावला नाही, आपोआप बंद पडला!" हे ऐकलं की दिलीप माझ्याकडे बघायचा आणि मी चहा सांगायचे. किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत हो. वस्तू उघडली की धुळीबरोबर बाहेर पडतात.

कर्वेनगरात आमचं वाजवायच्या कीबोर्डच्या दुरुस्तीचं दुकान होतं. मी इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली. दिलीप अमरावतीहून कारखान्यातल्या नोकरीसाठी पुण्यात आला आणि ती सुटल्यावर माझ्याबरोबर पार्टनर झाला. तेव्हा प्रत्येक सोसायटीत एक कीबोर्ड क्लास निघालेला, आणि दर दोन घरांतला एक मुलगा आयटीत, परदेशात. पोरं तिकडून कीबोर्ड पाठवायची, आईवडील इकडे प्लग लावायचे. आमचं पोट त्या प्लगवर!

बहुतेक बिघाड पॉवर सप्लायचे. एकदा एका काकांनी अडवलंच. "बाई, आत नेमकं असतं काय?"

म्हटलं, भिंतीतला करंट फार मोठा, म्हणून ट्रान्सफॉर्मर आधी तो लहान करतो. मग डायोड त्याला एकाच दिशेने पळवतात. तरी तो हिसके देतच येतो, म्हणून कपॅसिटर नावाची टाकी. ती भरते आणि पुढे सारखी धार देते. शेवटी रेग्युलेटर, म्हणजे नळ. पाहिजे तेवढंच सोडणार.

"आणि टाकी खराब झाली तर?"

"स्पीकरमधून घुंऽऽऽ आवाज येतो."

"आमच्याकडे सोसायटीचे चेअरमन येतात," काका म्हणाले. "आवाज तोच."

*

जोशी काका-काकूंच्या मुलाने अमेरिकेहून भाचीसाठी, म्हणजे त्यांच्या इथल्या नातीसाठी, कीबोर्ड पाठवला. तिकडचा करंट आपल्या निम्मा. काकांनी सरळ आपल्या प्लगात खुपसला. फट्! घरभर जळका वास!

दोघं रिक्षातून दुकानात आली. काकूंचा चेहरा पडलेला. "रविवारी त्याचा फोन येतो हो. नात वाजवून दाखवणार म्हणून सांगून ठेवलंय. यांचं बीपी वाढलंय."

"माझं नाही वाढलं," काका म्हणाले. "हिने वाढवलं."

आतला ट्रान्सफॉर्मर कोळसा झालेला. तसा इथे मिळेना. मुलाला कळू द्यायचं नाही, हा दोघांचा हट्ट. दिलीपने आख्खी बाजारपेठ पालथी घालून देशी ट्रान्सफॉर्मर बसवला, पण पुढचं सर्किट शाबूत आहे की नाही, हे चालू केल्याशिवाय कळणार नव्हतं. रविवारी सकाळी स्विच दाबताना काकूंनी डोळे मिटले होते. लागला!

संध्याकाळी फोन आला तेव्हा मीही त्यांच्या घरी होते. नातीने वाजवलं. स्पीकरवर मुलगा म्हणाला, "बाबा, आवाज बघा कसा आहे! इकडची क्वालिटीच वेगळी!"

काका माझ्याकडे बघून म्हणाले, "हो ना. इथे असलं काही मिळतच नाही!"

*

एका वडिलांनी मुलीच्या कीबोर्डच्या परीक्षेच्या सकाळी अ‍ॅडॅप्टर सापडेना म्हणून कॉर्डलेस फोनचा लावला. त्यात प्लस-मायनस उलटे. कीबोर्ड गप्प, मुलगी रडतेय, वडील घामाघूम.

"अहो, पण पिन अगदी फिट बसली!"

दिलीप म्हणाला, "चप्पल फिट बसली म्हणून देवळातून आपलीच आणली असं होत नाही, साहेब."

नशिबाने उलट्या करंटने एक डायोडच गेला होता. तो बाकीच्यांना वाचवायलाच बसवलेला असतो. मुलगी वेळेवर पोचली. वडील मात्र आमच्या बाकावरच बसून राहिले.

*

लोणी काळभोरला एका लग्नात ऑर्केस्ट्रा होता. कीबोर्डवाल्याने आम्हाला बरोबर नेलं, कारण आदल्या कार्यक्रमात त्याचा सप्लाय जळला होता आणि हा कीबोर्ड मित्राकडून मागून आणलेला. तो सारखा विचारत होता, "मॅडम, लावू ना? लावू ना?"

मी आधी मीटर लावला. आकडा चढतच होता! जनरेटरची न्यूट्रल वायर सुटली की असं होतं. एका बाजूला करंट मरतो, दुसरीकडे उधाण येतं.

"प्लग काढा! सगळं बंद करा!" मी ओरडले.

मांडववाले मामा हसले. "ताई, उगा घाबरताय. टूब बगा की, कशी लख्ख पेटलीया! आजवर कदी अशी पेटली न्हवती!"

"म्हणूनच म्हणतेय, मामा!"

कीबोर्डवाल्याने मशीन उचलून छातीशी धरलं आणि धावत सुटला. मागे मांडवातले बल्ब एकामागून एक फुटायला लागले. फाट्! फाट्! फाट्!

बाहेर कोणीतरी म्हणालं, "फटाकं वाजलं! नवरदेव आला!" आणि बँड सुरू झाला!

*

एक निवृत्त मास्तर घरीच उघडलेला कीबोर्ड घेऊन आले. बोट आत घालून म्हणाले, "मला वाटतं, हा इथला..."

"हात काढा न सर!" दिलीपचा आवाज एवढा चढलेला मी कधी ऐकला नव्हता.

"अहो, प्लग मघाशीच काढलाय."

नवीन पद्धतीच्या सप्लायमध्ये कपॅसिटर थेट भिंतीच्या करंटवर भरतो. सर्किट मेलेलं असलं की तो भरलेलाच राहतो. दिलीपने तारांनी एक बल्ब त्याला टेकवला. बल्ब पेटून विझला! मास्तर पांढरे पडले.

मी म्हटलं, "सर, उघडू नका असा स्टिकर असतो वर."

"होता ना," मास्तर म्हणाले. "स्क्रू त्याच्याखालीच होता."

*

धायरीच्या सबनीस काकू एकट्याच आल्या. कीबोर्ड जुन्या चादरीत गुंडाळलेला. "यात आमच्या ह्यांनी वाजवून ठेवलेलं एक गाणं आहे. हे जाऊन वर्ष झालं. कीबोर्ड चालू होतो आणि लगेच बंद पडतो. मला ते ऐकायचंय."

उघडला. सप्लायचे कपॅसिटर फुगलेले. ते बदलता आले असते. खरी भीती वेगळीच होती. कीबोर्ड बंद असताना गाणं जपायचं काम एका छोट्या सेलचं, आणि तो शेवटच्या घटका मोजत होता. सेल काढला की गाणं गेलं. नाही काढला तरी जाणारच, आज ना उद्या.

उपाय एकच. बाहेरून करंट देऊन मेमरी जागी ठेवायची आणि तेवढ्यात सेल बदलायचा. लोडशेडिंगचे दिवस, भिंतीतल्या करंटचा भरवसा नाही. दिलीपने स्वतःच्या स्कूटरची बॅटरी काढून आणली आणि तिच्यापुढे रेग्युलेटर लावला. मी सोल्डरिंग आयर्न तापवून त्याचाही प्लग काढला. त्यातून गळका करंट मेमरीत उतरायला नको.

"काकू, नक्की राहील असं नाही सांगता येणार."

"करा तुम्ही."

जुना सेल सुटला. माझा धक्का लागून तार हलली आणि स्क्रीन काळी झाली. दिलीपने तार बोटाने दाबून धरली. मग अक्षरं उमटली. नवा सेल बसवला, कपॅसिटर बदलले, झाकण लावलं. गाण्याचा नंबर जागेवर होता!

काकू पर्स मांडीवर घेऊन बसल्या. दिलीपने बटण दाबलं. साधीच चाल होती. मध्ये दोनदा अडखळलेली, पुन्हा सावरलेली. दिलीपने भिंतीकडे तोंड फिरवलं. मलाही वर बघवेना.

गाणं संपलं.

"छान झालं काम," काकू म्हणाल्या. "एकदा ऐकायचं होतं, ऐकलं. जपत नाही बसायचं. आता पुसायचं कसं, ते दाखवा."

"काकू," दिलीप म्हणाला, "एकदा पुसलं की परत नाही येत न ते!"

"कुठलं बटण?"

त्याने दाखवलं. काकूंनी ते दाबलं. स्क्रीनवर प्रश्न आला, 'शुअर?'

"हासुद्धा तुमच्यासारखा विचारतोच का!" काकू म्हणाल्या, आणि पुन्हा दाबलं.