बकरीच्या पोटातला मणी

आमच्या बकरीनं आईचा सोन्याचा मणी खाल्ला तेव्हा मी तिसरीत असेन. आई अंगणात गळसरी नव्यानं ओवत होती. मणी निसटला आणि बाजूच्या टोपल्यात बकरीसाठी ठेवलेल्या तुरीच्या कुटारात, म्हणजे भुशात, गेला. आई हातातला दोरा सावरेपर्यंत बकरीनं टोपलं फस्त केलं. घरात सोनं म्हणून तेवढंच, तेही तिच्या आईनं दिलेलं.

शेजारच्या पोरानं गिळलेला पैसा दुसऱ्या दिवशी बाहेर पडला होता. त्याच हिशेबानं आईनं मला लेंड्या फोडायला बसवलं. मला ते काम भलतंच आवडलं. गाय तेच गवत खाते आणि बदकन पो टाकते. ही मात्र कोरड्या, गोल, एकसारख्या गोळ्या पाडते, जणू आत कुणी वळत बसलंय. मग प्यालेलं पाणी जातं कुठं? मणी राहिला बाजूला, मी गाईचं शेणही काडीनं उकरून पाहू लागले.

"लेंड्यायची शाळा काढली का तुनं?" आई वैतागून म्हणाली.

आबाजी, म्हणजे माझे आजोबा, आईचे सासरे, इतके दिवस हे लांबूनच बघत होते. एका दुपारी ते आईला म्हणाले, "नाई येत बाई तो मणी. जड वस्तू जाळीत बसते."

"कोणत्या जाळीत?" मी विचारलं.

त्यांनी काडीनं मातीत बकरीचं पोट काढलं. त्यात चक्क चार कप्पे होते. पहिला सगळ्यांत मोठा. त्यातलाच चारा परत तोंडात येतो, तेच रवंथ. दुसऱ्याला आतून मधाच्या पोळ्यासारखी जाळी. तिसऱ्यात पुस्तकासारखी पानं. चौथा आपल्या पोटासारखा. मी हरखून गेले.

"तुम्हाले कसं मालूम?"

आबाजींनी पायानं चित्र पुसलं आणि उठून गेले. आईनं मग हळूच सांगितलं. गावातली मेलेली ढोरं ओढणं, फाडणं पूर्वी त्यांच्याच वाट्याला होतं. बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आले त्या दिवशी त्यांनी सुरी नाल्यात फेकली. मेल्या जनावरावर पुन्हा सुरी धरणार नाही म्हणाले.

बकरी गाभण होती, म्हणून आईनं तिला कापू दिलं नाही. "मरन तेव्हा काढू," म्हणाली. पुढं कित्येक वर्षं बकरी निवांत रवंथ करी आणि आई तिच्याकडे बघत गळसरीवरून बोट फिरवी.

एका उन्हाळ्यात बकरी मेली. आबाजी कुडाला टेकून उभे राहिले. मणी नेमका कसा काढायचा हे त्या घरात त्यांनाच ठाऊक होतं. मला खरं तर ती जाळी एकदा डोळ्यांनी पाहायची होती, पण माझ्यानं विचारवलं नाही. आईनं आत जाऊन फावडं आणलं आणि त्यांच्या हातात दिलं.

"खड्डा खोल घ्या, मामाजी," ती म्हणाली. "कुत्रे उकरतीन."