शाईचं बोट
मतदानाच्या शाईचा उग्र वास आला की मला धायरीच्या शाळेतला तो दिवस आठवतो. धायरी तेव्हा गावच होतं आणि शहरातून आम्हा शिक्षिकांना तिथे निवडणुकीच्या कामाला जुंपलं होतं. बायकांचं बोट पुरुषाने धरायचं नाही, म्हणून शाई लावायला मी. सकाळपासून शेतातल्या भेगाळलेल्या बोटांची रांग हलत होती. "हळू बाई, इळा लागलाय," एक जण कळवळली. माझं स्वतःचं मत शहरात होतं. टपालाने ते पाठवायचा अर्ज मागितला, तेव्हा निवडणूक कचेरीतले साहेब म्हणाले होते, "अहो बाई, तुमच्या एका मतावाचून सरकार अडलंय का?" दिवेलागणीला घरी पोचले तर सासूबाई दारातच बसलेल्या. स्वातंत्र्याच्या चळवळीत त्या येरवड्याच्या तुरुंगात राहून आल्या होत्या. माझी काळी झालेली बोटं बघून म्हणाल्या, "दिलंस ना गं मत? माझ्या आईला नव्हतं. इंग्रजांच्या राज्यात ते घर-जमीनवाल्यांनाच. तिच्या नावावर ना घर, ना जमीन." मी इतकी दमले होते, की खरं सांगायचंही त्राण नव्हतं. "हो," म्हटलं. त्यांनी माझं बोट आपल्या कपाळाला लावलं. त्यानंतर मी एकही मतदान चुकवलं नाही; ते "हो" मात्र अजून खोटंच आहे.