त्रेसष्ट नावांची पत्रिका

नाशिकच्या रविवार कारंजाकडून मेनरोडला वळताना उजव्या हाताला एक अरुंद जिना होता. त्या जिन्याखाली, जिथे दुसऱ्या कुणी सायकली लावल्या असत्या, तिथे मंजुषा विधातेचं दुकान होतं. पाटीवर मुलीचं नाव होतं, ‘दिशा टाइपसेटिंग’. पण निफाड, दिंडोरीकडून येणारी माणसं त्याला ‘पत्रिकावाल्या ताईंचं दुकान’ एवढंच म्हणत, आणि तेवढ्यावर रिक्षावाला त्यांना नेमकं जिन्यापाशी सोडत असे.

मंजुषाचं सासर माळ्याचं. मखमलाबाद रस्त्याला त्यांचा शेवंतीचा मळा होता. तिने लग्नाआधी मराठी टायपिंगची परीक्षा दिली होती, आणि लग्नानंतर पाच वर्षं ती बोटं फक्त फुलं ओवत होती. १९९६ साली शेवंती अशी काही बहरली की सासऱ्यांनी स्वतःहून विचारलं, पोरी, तुझं ते मशीन आता घ्यायचं का? कॉम्प्युटर आला त्या दिवशी त्यांनी पडद्यावर चढवायला हार आणला. तो इतका जाड होता की पडद्यावरचं काही दिसेना. पहिल्या दिवशी कामच झालं नाही, नुसते पेढे वाटले.

त्या कॉम्प्युटरवर तिने दहा वर्षं लग्नपत्रिका जुळवल्या.

शेतकरी घरातली पत्रिका कशी असते ते ज्याला माहीत आहे, त्याला मंजुषाची किंमत सांगायला नको. नवरानवरीची नावं वरच्या दोन ओळींत संपतात. खरी पत्रिका खाली सुरू होते, ‘आपले विनम्र’ या शब्दांनंतर. तिथे सगळी भावकी उभी असते. आधी थोरली पाती, म्हणजे थोरल्या भावाचं घराणं, मग मधली, मग धाकटी. पातीच्या आत वय, वयाच्या आत मान. एखादं नाव एक घर खाली सरकलं तर तो माणूस लग्नाला येतो, मांडवात बसतो, आणि जेवत नाही.

हा सगळा क्रम मंजुषाच्या फायलींत साठला होता. लोक यायचे आणि एकच वाक्य बोलायचे, ‘मागच्यासारखीच काढा.’ मग ती थोरल्या भावाची फाईल उघडून धाकट्याचं नाव, तारीख, मांडवाचं ठिकाण बदलायची. गेलेल्या माणसांची नावं काढायची, नव्या सुनांची घालायची. चहा येईपर्यंत पत्रिका तयार.

२००६च्या गणपतीनंतर छापखान्यातून तिची फ्लॉपी परत आली. वर कागदाचा तुकडा चिकटवलेला होता: उघडत नाही. छापखान्याने नवी यंत्रं घेतली होती, आणि तिच्या जुन्या फायली त्या यंत्रांना ओळखू येत नव्हत्या. ती चौकशीला गेली तर मालकांनी मायेनेच सांगितलं की या मोसमापासून सॉफ्टवेअरच्या नवीन आवृत्तीतलं काम असेल तरच पाठवा, आमचाही नाइलाज आहे.

कॅनडा कॉर्नरच्या एका कॉम्प्युटरच्या दुकानातून स्वराज नावाचा विक्रेता येऊन बसला. चोवीस-पंचवीसचा, शर्टाच्या खिशात दोन पेन आणि बोलायला तरबेज.

“काकू, तुमच्या व्हर्जनला आता कंपनीसुद्धा विचारत नाही,” तो म्हणाला. “तुम्ही फोन केलात ना, तर तेच तुम्हाला विचारतील, अजून चालतंय का म्हणून.”

मंजुषाचा नवरा दीपक ओझरच्या विमान कारखान्यात होता. सुट्टीचा म्हणून तोही दुकानात बसला होता. चालतंय तोवर हात लावू नये, हे त्याचं एकमेव तत्त्वज्ञान. घरातला मिक्सर, स्कूटर आणि स्वतःचा गुडघा, तिघांनाही तो तेच लावत असे. कारखान्यात तीस वर्षांपूर्वीच्या विमानाचं काम आम्ही अजून करतो, आणि हिचं मशीन दहा वर्षांत म्हातारं कसं झालं, असं त्याने विचारलं.

“काका, त्या विमानात तुम्ही बसाल का?”

दीपकने चहा संपवला. मग म्हणाला, “नीट तपासलेलं असेल, तर बसेन.”

मंजुषाला दोघांचंही पटत होतं आणि त्यामुळेच तिची झोप उडाली होती. बदललं नाही तर हा मोसम गेला, आणि लग्नाचं गिऱ्हाईक एकदा दुसऱ्या दारात गेलं की पुढच्या पिढीपर्यंत परतत नाही. बदललं तर फायलींचं काय? जुन्या कॉम्प्युटरच्या पाठीत बोटभर लांबीचं एक लॉक खोचलेलं होतं; ते असलं तरच मराठी अक्षरं उमटायची. नव्या कॉम्प्युटरला ते खोचायला जागाच नव्हती. चारशे घरांची भावकी त्या बोटभर डबीच्या आधाराने उभी होती.

स्वराज म्हणाला, फायली नव्यात आणता येतात, आम्ही आणून देऊ. फक्त जोडाक्षरं बघा, तीच तुटतात.

दसऱ्याला नवा कॉम्प्युटर आला. या वेळी सासऱ्यांनी हार बारीक आणला.

पंधरा दिवस मंजुषा एकेक फाईल उघडून जोडाक्षरं बघत होती. ज्ञानेश्वर धड आहे का, कृष्णाबाई धड आहे का. कुठे काना उडाला होता, कुठे रफार दुसऱ्याच्या डोक्यावर बसला होता. ती तो उचलून जागच्या जागी ठेवायची. तुटलेलं नाव सांधलं की तिला बरं वाटे, एखाद्याचा उसवलेला शर्ट शिवून द्यावा तसं. अक्षरं तर जुन्यापेक्षा देखणी दिसत होती. आपण उगाच घाबरलो, असं तिने दीपकला सांगितलं. दीपकने मान हलवली, पण जुना कॉम्प्युटर पोत्यात गुंडाळून माळ्यावर ठेवला.

तुळशीच्या लग्नाआधीच पहिलं गिऱ्हाईक आलं. पिंपळगाव बसवंतजवळच्या वस्तीवरचे धोंडीराम ढोमसे, द्राक्षबागाईतदार, साठीचे, सगळ्यांचे आप्पा. थोरल्या मुलाची पत्रिका त्यांनी सत्याण्णव साली इथेच केली होती. आता धाकटी लेक उज्ज्वला.

“मागच्यासारखीच काढा, ताई,” ते म्हणाले. मंजुषाने कच्ची प्रत पुढे केली तर त्यांनी ती हातातही घेतली नाही. बागेत डाऊनी रोगाचा फवारा अर्धा टाकून आलोय, त्यात नवीन काय वाचायचं, आमची भावकी काय बदलली व्हय?

मंजुषाने नावं मोजली. त्रेसष्ट. दरेक जोडाक्षर बोट ठेवून तपासलं. आठशे पत्रिका छापून पिंपळगावला गेल्या.

चौथ्या दिवशी तिने त्यातली एक पत्रिका साडीच्या खोक्यात ठेवायला घेतली. केलेल्या प्रत्येक पत्रिकेची एक प्रत ती घरी ठेवत असे, घराघराप्रमाणे लावून. ढोमशांची जुनी पत्रिका वर आली. तिने नवी तिच्या शेजारी धरली, रंग कसा उठलाय ते बघायला, आणि तिथेच पलंगावर बसली.

जुन्या पत्रिकेत नावं तीन उभ्या रांगांत होती, एकवीस-एकवीस. नव्या आवृत्तीने फाईल उचलताना तिसरी रांग आधी उचलली होती. नाव एकही गळलं नव्हतं, अक्षर एकही तुटलं नव्हतं. फक्त तिसऱ्या रांगेच्या सुरुवातीचे वाळू ढोमसे सगळ्यांत वर, पहिल्या जागी आले होते, आणि यजमान धोंडीराम स्वतः दुसऱ्या रांगेत गेले होते.

आणि वाळूनाना कोण हे मंजुषा विसरली नव्हती. ते धोंडीरामांचे चुलतभाऊ, थोरल्या पातीचे. मानाने त्यांचं नाव पहिलं. पण सत्याण्णव साली विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोघांची बोलाचाली झाली होती, तेव्हा धोंडीरामांनी आपल्या हाताने यादी लिहून त्यांना तिसऱ्या रांगेत टाकलं. वाळूनाना ती पत्रिका घेऊन थेट या दुकानात आले होते. यादी कुणी लिहिली, एवढंच विचारलं, लिहिलेला कागद बघितला, घडी घालून परत दिला आणि गेले. नऊ वर्षं एका बांधाच्या दोन बाजूंना दोघे छाटण्या करत होते आणि एकमेकांशी बोलत नव्हते.

दुखणाऱ्या जागेवरच आपण बोट ठेवलं, मंजुषाला वाटलं. धोंडीराम म्हणतील, ताईंनी मुद्दाम केलं. वाळूनाना म्हणतील, माझी थट्टा मांडली. आणि मग कोणता ढोमसे, कोणता बोरस्ते, कोणता गायकवाड डोळे मिटून तिला ‘मागच्यासारखीच’ म्हणणार? दहा वर्षांची कमाई तीच होती.

तिने फोन लावला. कुणी उचलेना. दुसऱ्या दिवशी सकाळी दीपकच्या स्कूटरवर मागे बसून ती पिंपळगावला निघाली. आठशे पत्रिका पुन्हा छापून देते, हे वाक्य तिने आडगावपर्यंत चार तऱ्हांनी जुळवलं. ओझर आलं तेव्हा दीपक सवयीने कारखान्याकडे वळायला लागला. तिने त्याच्या पाठीवर थाप मारली तेव्हा तो भानावर आला.

ढोमशांच्या अंगणात मांडवाचे बांबू येऊन पडले होते. ओट्यावर धोंडीराम बसले होते आणि त्यांच्या शेजारी, सुतळीचा गुंडा मांडीवर घेऊन, बांबूच्या गाठी कशा माराव्यात यावर दोन गड्यांना झापत, वाळूनाना.

मंजुषाचं जुळवलेलं वाक्य तोंडातच राहिलं.

“या या, ताई,” वाळूनाना म्हणाले. “तुमचीच पत्रिका हाय ना? नऊ वर्सं लागली, पण आमच्या धोंड्याला अक्कल आली एकदाची.”

धोंडीराम खोकले. बांबू मोजायला लागले.

“सांगायला आला नाय, बोलला नाय,” वाळूनाना पुढे सांगत होते. “छापूनच धाडली. मी म्हनलं, आता मी कशाला ताणू? आलो तसाच उठून.”

दीपक सरळ माणूस. चूक झाली की नोंदवायची, हा त्याचा वीस वर्षांचा शिरस्ता. तो पुढे होऊन म्हणाला, “नाही, त्याचं काय झालं नाना, ते नवीन व्हर्जनमध्ये तिसरी रांग...”

“भाऊ, आधी चहा घ्या,” धोंडीरामांच्या पत्नी, सिंधुबाई, दारातून म्हणाल्या आणि त्यांनी दीपकच्या हातात कप नाही, तर अनारशांनी भरलेली ताटली दिली, वर एक उचलून त्याच्या तोंडाजवळ नेला. नको म्हणायलाही त्याला तोंड उघडावं लागलं, आणि मग तोंड मोकळं राहिलं नाही.

सिंधुबाईंनी मंजुषाला आत नेलं. चुलीपाशी त्या इतका वेळ हसत होत्या की पदराने डोळे पुसावे लागले. पत्रिकांचं गाठोडं आलं त्या दिवशी घरात चष्मा कुणाच्या हाताशी नव्हता. पहिली पत्रिका देवाला ठेवली, दुसरी घेऊन त्या स्वतः वाळूभाऊजींच्या दारात गेल्या. जाऊबाई बोलत नसल्या तरी अक्षता द्यायच्या असतात. त्या परतल्या आणि मग धोंडीरामांनी पत्रिका वाचली. अंगणात तीन चकरा मारल्या. नाशिकला जाऊन बघतोच म्हणाले, टोपीसुद्धा घातली. तेवढ्यात फाटकात वाळूभाऊजी. हातात नारळ.

“मग आप्पा काय म्हणाले?” मंजुषाने विचारलं.

“काय म्हनत्यात. टोपी काढून त्यांच्या पाया पडले. घातलीच व्हती, कामाला आली.”

निघताना धोंडीराम स्कूटरपर्यंत आले. मंजुषा हळूच म्हणाली, “आप्पा, मी खरं सांगायला आले होते.”

“सांगितलं का?”

“नाही.”

“मग झालं तर.” ते मागे बघून, आवाज उतरवून म्हणाले, “नाव त्याचंच पहिलं पायजे व्हतं, ताई. मला लिहिता आलं नाय.”

लग्न थाटात झालं. वाळूनाना दोनदा जेवले, आताचं एकदा आणि मागच्या लग्नाचं राहिलेलं एकदा, असं त्यांनीच पंगतीत जाहीर केलं. मंजुषाने मात्र परतल्याच्या दुसऱ्या दिवसापासून सगळ्या फायली पुन्हा काढल्या, खोक्यातल्या पत्रिका समोर ठेवून रांगा नीट लावल्या. दीपक रोज कारखाना सुटल्यावर येऊन ताळा बघायचा. त्याने जुनी नावं वाचायची, तिने नवी. शेवटी आता हे विमान उडायला हरकत नाही, असं प्रमाणपत्रही त्याने दिलं.

पण सिंधुबाईंचं पोट हलकं होतं. त्यांनी हे गुपित फक्त बहिणीला सांगितलं, आणि बहीण ओझरला दिलेली होती.

मार्गशीर्ष संपत आला तेव्हा ओझरचे यादव बोरस्ते दुकानात आले. मुलाचं लग्न होतं. बसले, पाणी प्यायले, इकडेतिकडे बघितलं. पण नेहमीचं वाक्य काही बोलेनात.

“मागच्यासारखीच ना, काका?” मंजुषाने विचारलं.

“नको,” ते म्हणाले. “तुमच्या नव्या मशीनमधी नावं आपोआप खालीवर व्हत्यात म्हने?”

मंजुषाने घाईने सांगितलं की तसं एकदाच झालं, आता सगळं दुरुस्त केलंय, काळजीचं कारण नाही.

यादवकाकांचा चेहरा पडला. “दुरुस्त केलं व्हय,” ते म्हणाले. मग खुर्ची पुढे ओढून त्यांनी हकिगत सांगितली. त्यांचे दोन मेहुणे. थोरला वयाने मोठा, धाकटा सोसायटीचा चेअरमन. कुणाचं नाव आधी घालावं यावर घरात आठ दिवस स्वयंपाक धड झाला नव्हता. माणसाने कसंही लिहिलं तरी एक जण रुसणार. मशीनने लिहिलं तर कुणावर रुसणार?

“तवा ताई, एकदा ते बिघडवता का परत?”

मंजुषाला हसू दाबता येईना. तिने पडद्याकडे तोंड केलं, बोरस्त्यांची फाईल उघडली, आणि जमेल तितक्या गंभीर आवाजात विचारलं, “कोणती रांग वर घेऊ?”

“मला इचारू नका,” यादवकाका म्हणाले आणि जिन्याखालून उठून थेट रस्त्यावर जाऊन, दुकानाकडे पाठ करून उभे राहिले.