धवल्याची दुसरी ओळ

आमच्या गावात ज्यांची लग्नं मोडली, त्यांनीसुद्धा मनुकाकीला कधी बोल लावला नाही. "काकीनं धवला नीट म्हटला होता, आम्हीच नीट नांदलो नाही," असंच म्हणायचे सगळे.

पेणच्या खाडीकडचं आमचं गाव. आगऱ्यांचं. मी तळा गावची, कुणब्याची, पण प्रेमात पडून इकडे आले. आमच्या लग्नात भटजी सगळं उरकून चहाला बसले आणि दोन बायका माझ्यासमोर बसून गायला लागल्या, तेव्हा मला वाटलं, कुणाची तरी आजी कंटाळली असेल. नवऱ्याने हळूच सांगितलं, भटजी कागदापुरता, खरं लग्न आता लागतंय. त्या दोघी म्हणजे धवलारिणी, धवला म्हणजे लग्न लावायची गाणी म्हणणाऱ्या. एक मनुबाई, आमची मनुकाकी, आणि दुसरी सगुणा. काकी ओळ द्यायची, सगुणा झेलायची. दोघींमधली ओळ कधी जमिनीला लागली नाही. एकदा वाऱ्याने मांडव कोसळला, वऱ्हाडी पळाले, आणि या दोघी ताडपत्रीखाली धवला पुरा करत बसल्या. धवला अर्धा सोडायचा नाही, एवढा एकच नियम काकीला ठाऊक. बाकी नियमांशी तिचं फारसं पटत नाही.

नाही, अजून एक आहे. धवल्यात आधी देवांना आवतण जातं आणि त्यातलं पहिलं ठरलेलं. "ज्याचे जाग्यान मांडव, त्याला पयलं बोलावनं." आमचा मांडव माझ्या माहेरी, म्हणून लग्नाच्या आदल्या दिवशी काकी माझ्याकडे आली होती आणि माझ्या माहेरची देवी कोण, तिथली नदी कुठली, डोंगर कुठला, सगळं विचारून गेली. मी वैतागले होते. दुसऱ्या दिवशी त्या अनोळखी गाण्यात माझ्या देवीचं नाव आलं आणि मी अशी रडले की डोळ्यांतलं काजळ हनुवटीपर्यंत आलं. फोटोत अजून दिसतं.

मग माझी नणंद प्राप्ती लग्न होऊन निघाली, तेव्हा पाठवणीचा धवला ऐकला. काकीने ओळ दिली, "बाय निंगाली वाटंला, वाटं सांबाल गो तिला." सगुणाने झेलली, "दिवा ठेवलाय दारान, तेल घालू गो त्याला." आणि काकीनेच तिसरी म्हटली, "गेली बाय ती गेली, दार लोटून घ्या गो."

मला राग आला. पोरीची गाडी अजून वळणाला नाही तोच दार लावून घ्या म्हणता? काकीला मी तसं बोलूनही दाखवलं.

"दार लोटाया लागतं गो सुचिता," ती म्हणाली. "उघडं ऱ्हायलं त पोरीचा पाय सासरी टिकत न्हाय."

काकीचा नवरा लवकर गेला. मुलगा एकच, निकेत. लहान असताना त्याला घरी ठेवायला कुणी नसायचं, म्हणून तो प्रत्येक लग्नात आईच्या आणि सगुणाच्या मध्ये गोधडीवर झोपलेला असायचा. मोठा झाल्यावर हॉटेलचं शिक्षण घेतलं, काशीदला एका रिसॉर्टमध्ये लागला, तिथून मनालीला गेला. येतो म्हणायचा आणि पुढच्या वर्षी येतो म्हणायचा. मध्यंतरी सगुणा गेली. दोघींचं ठरलेलं होतं, निकेतच्या लग्नात काकी वरमाय, त्यामुळे धवला सगुणा म्हणणार. आता गावात दुसरी धवलारीण उरली नाही. पोरींना विचारलं तर म्हणतात, "काकी, डीजे हाय ना." डीजेच्या त्या भिंतीएवढ्या पेट्या लावून हळदीला नाचतात आणि दुसऱ्या दिवशी कानात कापूस घालून फिरतात. असो. मी काय बोलणार, माझाच दीर त्यात पुढे.

आणि एक दिवस निकेतचा फोन आला. लग्न ठरलंय. मुलगी लाहौलची, नाव पल्मो. मनालीला एकाच हॉटेलात होते दोघं. ती आईबापांची एकुलती एक, बटाट्याची शेती आहे, घरातच पाहुण्यांसाठी खोल्या काढल्यात. लग्न तिकडेच आणि नंतर राहणंही तिकडेच.

काकीने फोन ठेवला. मग मला म्हणाली, "घरजावय झाला म्हन की सरल." आणि लगेच, "धवला कोन म्हननार?"

मी म्हटलं, तिकडे त्यांच्या पद्धतीने लागेल लग्न.

"लागूं दे. पन धवल्याबिगर लगीन म्हंजे नुसतं जेवान. माजे पोराचं तसं न्हाय व्हनार." वरमायेने धवला म्हणायचा नसतो, पण ती म्हणणार होती. प्रश्न एवढाच होता की झेलणार कोण. गायला तोंड होतं, झेलायला नव्हतं, आणि काकीच्या मते एका तोंडाचा धवला देवांना ऐकूच जात नाही.

मीच तिची पिशवी भरली. घरचे तांदूळ, हळद, नारळ, निकेतसाठी सुका जवळा सात पिशव्यांत गुंडाळून. विमानतळावर सोडून आले तेव्हा काचेपलीकडून ती मागे न बघता गेली. पुढचं सगळं तिने मला नंतर, आल्यावर, दारात जवळा निवडत निवडत तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं.

निकेत चंदीगडला घ्यायला आला होता. गाल लाल झालेले, अंगाने भरलेला, डोक्यावर तिकडची गोल टोपी. दिवसभर घाट, मग डोंगराच्या पोटातला लांबच लांब बोगदा, आणि बोगदा संपला तशी समोर पांढरीशुभ्र शिखरं, खाली नदी, पिवळी पडलेली झाडं. गाडीतले बाकीचे उतरून फोटो काढायला लागले. काकीने निकेतला विचारलं, "त्यो मोठा कोन?"

"घेपन आई. इथले सगळे त्याला राजा मानतात. घेपन राजा."

"झालं, पयला भेटला," काकी म्हणाली. निकेतला काही कळलं नाही.

घर चांगलं होतं. सपाट छपरावर गवताच्या पेंढ्या, आत मधोमध पत्र्याची शेगडी, भोवती गाद्या. माणसं प्रेमळ. बायका हात धरून बसवायच्या, चहा द्यायच्या, तो मिठाचा आणि लोण्याचा. "आमी सात पिढ्या मीठ पिकवलं, पन च्यात न्हाय कंदी घातलं," काकी मला म्हणाली. त्यांच्या हिंदीत तिला निम्मं कळायचं, तिच्या हिंदीत त्यांना तेवढंही नाही. मग सगळ्या हसायच्या. हसून झालं की आपापल्या भाषेत बोलायला लागायच्या आणि काकी कप हातात धरून बसून राहायची. निकेतही त्यांच्यातच. तो त्यांची बोली बोलतो, आणि बोलताना त्याचा आवाज वेगळाच लागतो, दुसऱ्या कुणाचा तरी, असं ती म्हणाली.

"सगली माया करीत व्हती गो. तरी मना कवा एवरं एकटं न्हाय वाटलं. नवरा गेला तवा पन न्हाय." इथे खाडीवरून वारा आला की तिला भरती कळते, वेळ कळते. तिथे वारा कुठून येतो तेच कळेना. समुद्र कुठल्या अंगाला, हे तिने विचारलं तर निकेतलाही पटकन सांगता आलं नाही. त्याने मोबाइल काढून बघितलं, आणि तेच तिला फार लागलं.

पल्मोचे वडील शांत माणूस. पाहुणी बाई एवढ्या लांबून आलीय, तिला खोरं दाखवायला पाहिजे, म्हणून रोज जीप काढायचे. काकी निसर्ग बघायला गेली नव्हती, देव गोळा करायला गेली होती. तळ्याकाठी जीप थांबली की ते पाण्यातलं डोंगराचं प्रतिबिंब दाखवायचे आणि ही विचारायची, "नाम? नाम क्या इसका?" दीपकताल. पुढे खिंडीच्या अलीकडे सूरजताल, जिथून त्यांची भागा नदी निघते. तिथे काकीचं डोकं ठणकायला लागलं, दम लागला, पण उतरून पाण्याला हात लावून आली. ज्याला बोलवायचं त्याच्या दारात जाऊन यावं लागतं, असं तिचं म्हणणं. वाटेतल्या गावांची नावं, तिथली देवळं, सगळं विचारून घेतलं. त्या बिचाऱ्याला वाटलं बाईला पर्यटनाची भारी हौस.

एके ठिकाणी त्यांनी डोंगराच्या घळीत अडकलेला बर्फाचा पट्टा दाखवला. काकीला हिमनदी म्हणजे दुधासारखी वाटली होती. ही राखाडी, दगडमातीने मळलेली. "हमारी शिगरी," ते म्हणाले. हिमनदीला आम्ही एवढंच म्हणतो, दुसरं नाव नाही. मग हाताने खाली एक खडक दाखवला. ते लहान असताना बर्फ तिथवर होता, आता पार वर गेला. काकीने तिच्या हिंदीत सांगितलं की आमच्याकडे बांध फुटला आणि खाडी भातशेतीत आली, ती परत गेलीच नाही. दोघं जीपला टेकून बराच वेळ उभी राहिली. त्या सगळ्या दिवसांत तेवढा वेळ आपल्याला बरं वाटलं, असं काकी म्हणाली.

लग्नाच्या आदल्या दिवशी ती अंगणात पुटपुटत बसलेली निकेतने बघितली. धवल्यात त्याला पांढरी शिगरी ऐकू आली.

"आई, ती पांढरी कुठे आहे? मळकी आहे."

"मलकी म्हनून पाव्हन्याला बोलवतं का कोन?"

तो हसला आणि शेजारी बसला. तेव्हा काकीने विचारलं. त्यासाठीच ती एवढ्या लांब आली होती, असं मला वाटतं. "निकेत, उद्या तू झेलशील?"

"आई, मी नवरा ना. नवरा गातो का कुठे?"

बरोबरच होतं त्याचं. धवला नवऱ्याने ऐकायचा असतो. पण मी असते तर त्याचा कान पिळला असता.

दुसऱ्या दिवशी लामा येऊन पोथी वाचून गेले, जेवणं व्हायची होती. काकी शेगडीजवळ पाटावर बसली, समोर घरच्या तांदळांची रास घातली. पल्मो आणि निकेत पुढ्यात. काकीने ओळ दिली, "कोन गो उभा दारान, त्याला कोनी बस म्हना." आणि सवयीने थांबली.

कुणी झेलली नाही. शेगडीत लाकूड तडतडलं तेवढंच. काकीने ती रिकामी जागा तशीच जाऊ दिली, मग दुसरी ओळही आपणच म्हटली. असं प्रत्येक ओळीला. द्यायची, थांबायची, स्वतःच उचलायची. निकेत मान खाली घालून बसला होता. पोरंपोरी मोबाइल धरून उभी होती.

घेपन राजाचं नाव आलं आणि पल्मोच्या वडिलांनी टोपी काढली. मग सूरजताल आलं, भागा आली, पांढरी शिगरी आली, तशी एकेक म्हातारी माणसं उठून उभी राहिली. मोबाइलही खाली गेले. त्यांना बाकी शब्द कळत नव्हते, पण आपल्या देवांना कुणीतरी जेवायला बोलावतंय हे कळत होतं. मग काकीने आमची खाडी बोलावली, वेशीवरचा देव बोलावला, नवऱ्याला बोलावलं, आणि शेवटी सगुणेला. धवला पुरा केला.

"पुरा झाला, पन एका पायावं चालल्यासारका," ती म्हणाली.

जेवणं झाली. लोक नाचले, काकीलाही हात धरून नाचवलं. संध्याकाळ झाली आणि ती पाठवणीची वाट बघत बसली. मग तिच्या ध्यानात आलं, पाठवणी कुणाची? पोरगी तिच्याच घरात, नवराही तिथेच. उद्या इथून निघणारी बाई एकच, ती स्वतः.

सकाळी जीप दारात आली. पल्मोच्या वडिलांनी काकीच्या गळ्यात पांढरा रेशमी शेला घातला, पिशवीत वाटाणे आणि बटाटे कोंबले. चंदीगडला सोडायला पल्मोचा मामा जाणार होता, निकेतला घरी पाहुणे होते. पल्मो पाया पडली. तिच्या डोक्यावर हात ठेवताना काकीला सुचेना काय बोलावं, आणि लग्नघरातून कुणी निघालं की तोंडात जे येतं तेच आलं. हळूच, स्वतःशीच.

"बाय निंगाली वाटंला, वाटं सांबाल गो तिला."

म्हटलं आणि जीपमध्ये बसली. दार लावलं. निकेत काचेशी आला, दोन्ही हात काचेच्या कडेवर ठेवले, आणि त्याने झेलली.

"दिवा ठेवलाय दारान, तेल घालू गो त्याला."

हुबेहूब सगुणेच्या चालीत. शेवटच्या शब्दावर ती थोडी खाली घसरायची, तसाच घसरून. गोधडीवर झोपलेल्या पोराने सगळं ऐकलेलं होतं. आवाजही त्याचाच होता, इथला, आपल्या गल्लीतला.

एवढं सांगून काकी थांबली. सुपातला जवळा तिचा दोनदा निवडून झाला होता, तरी तिसऱ्यांदा निवडायला घेतला.

मी म्हटलं, "मग?"

"मंग गाडी निंगाली. तो उभा ऱ्हायला."

"आणि तिसरी ओळ? ती तुझी ना काकी?"

मांडव अंगावर पडला तरी हिने ओळ सोडली नव्हती. सगुणेच्या तेराव्यालाही हिचा आवाज कापरा झाला नव्हता. मला वाटलं ती चिडेल. ती चिडली नाही. माझ्याकडे बघितलंही नाही.

"माजीच व्हती," ती म्हणाली. "तोंड उगरलं मी. पन दार लोटून घ्या, ह्ये मी सांगू कुनाला गो? त्याला?"