आधी माळ्याकडे बघणारे नाना

नाना कुणाच्याही घरी गेले की आधी माळ्याकडे बघायचे, मग माणसांकडे. यजमान "या, बसा" म्हणत खुर्ची पुढे सरकवायचा आणि नाना मान मागे टाकून वरच्या फळीवर काय काय धूळ खात पडलंय याचा अंदाज घेत उभे. एकदा पिंपळनेरला माझ्या ओळखीच्या घरी म्हातारी गेली म्हणून आम्ही भेटायला गेलो. तिथेही नानांची नजर वरच. घरच्यांना वाटलं, गृहस्थ डोळ्यांतलं पाणी आवरतायत. निघताना त्या माणसांनी म्हातारीची पितळी चरवी नानांच्या हातात ठेवली. मुलगा म्हणाला, "आईवर फार जीव दिसतो तुमचा." नानांनी त्या माउलीला उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. मला हसू आवरेना, म्हणून मी रुमालात तोंड खुपसलं. त्यामुळे मलाही एक तांब्या मिळाला.

तेव्हा मी हसलो होतो, एवढं लक्षात ठेवा.

निवृत्त झाल्यावर माणसाला काहीतरी लागतंच. कुणाला साखर लागते, कुणाला कीर्तन लागतं, मला जुनी भांडी लागली. जळगावच्या जुन्या बाजारातून मी पहिलंच भांडं आणलं ते पसरट तोंडाचं, नक्षीदार, पितळी. तुपासाठीच घडवलेलं असणार, असं मी घरात जाहीर केलं. चिंच लावून घासलं, आतून कल्हई करून घेतली आणि व्याह्यांना पुरणपोळीवर त्यातून तूप वाढलं. कुणाच्या तरी ओळखीने धुळ्याचे नाना भांडी बघायला म्हणून घरी आले. माळ्याकडे बघून झाल्यावर त्यांनी ते भांडं उचललं, नखाने टिचकी मारली, कानाशी धरलं आणि फार मायेने म्हणाले, "साहेब, यात थुंकतात."

ती पिकदाणी होती. व्याह्यांना मी अजून सांगितलेलं नाही. नानांनीही कुणाला सांगितलं नाही, आणि तिथेच मी त्यांचा झालो.

टिचकी ही नानांची पूजा. कुठलंही भांडं हातात आलं की टिचकी मारायची, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "बोल बाई, बोल." मग सांगायचे, ही चुलीवरची आहे, ही नुसती दसऱ्याला निघायची, हिला सुनेने आपटलेली आहे. खरं-खोटं देव जाणे, पण ऐकत राहावंसं वाटायचं. धुळ्यात त्यांच्या दोन खोल्या होत्या. दोन्हींत भांडी, आणि भांड्यांमधून उरलेल्या जागेत नाना आणि नानी. नानी एकदा मला म्हणाल्या, "भाऊ, रोजच्या स्वैपाकाला पातेलं शोधायचं म्हणजे यांना विचारावं लागतं, आणि ते म्हणतात, याला हात लावू नको, हे जुनं आहे. म्हटलं, मी काय नवीन आहे का?"

नाना भांडं विकत घ्यायचे नाहीत. "विकत घेतलं की ते मुकं होतं, साहेब. मागून घ्यायचं." आणि मागताना एक शब्द द्यायचे. भांडं आमच्याकडे नुसतं राहायला येतंय. घासू, पुसू, जपू. तुमच्या घरी सणवार निघाला, कार्य निघालं, की हक्काने न्यायचं. बाई का-कू करू लागली की ते मराठी सोडून आपल्या घरच्या बोलीत शिरायचे आणि दोन्ही हात पसरून म्हणायचे, "बठ्ठं आपलंच शे!" सगळं आपलंच आहे. त्या तीन शब्दांपुढे मी भल्याभल्या सासवांना माळ्याची शिडी धरताना पाहिलं आहे.

माझी थोरली बहीण, अक्का, असोद्याला असते. केळी, कपाशी आणि वांगी यांच्यामध्ये तिचं आयुष्य गेलं. तिच्याकडे एक बडजी होती. खान्देशाबाहेरच्यांसाठी सांगतो: अखंड लाकडातून कोरलेली, होडीसारखी लांबट. भाजलेली वांगी सोलून तिच्यात घालायची आणि लाकडी मुसळीने ठेचायची, की भरीत होतं. बाकीच्या पद्धतीने जे होतं त्याला नुसतं वांगं म्हणावं. ही बडजी अक्काच्या सासूच्या सासूची. नवी नवरी असताना अक्काने तुऱ्हाट्यांचा, म्हणजे तुरीच्या वाळल्या काड्यांचा, जळता निखारा तिच्या काठावर पडू दिला होता. तिथे बोटभर काळा खड्डा पडला आणि सासूने तो तिला शेवटपर्यंत दाखवला. त्या घरात चंपाषष्ठीला खंडोबाच्या नैवेद्याचं भरीत त्याच बडजीत ठेचायचं. वर्षाचं पहिलं वांगं दुसऱ्या कशात ठेचलं, असं कधी झालं नव्हतं.

एकदा मी नानांना असोद्याला नेलं. त्यांनी ती बडजी पाहिली आणि टिचकी मारायचंही विसरले. लाकडावर तळहात ठेवून बसून राहिले. अक्का देईना. मग मी पुढे झालो. साहेबी मराठीत वारसा, जतन, पुढची पिढी असं बरंच बोललो. ते तिच्या डोक्यावरून गेलं, तेव्हा मी खाली उतरलो. "अक्का, तुझ्या सुना मिक्सरवाल्या. तुझ्यामागे ही चुलीत जाईल."

अक्काने बडजीच्या काठावरून पदर फिरवला. मग म्हणाली, "चंपाषष्ठीले पाह्यजे बरं मले."

"अक्का, आदल्या दिवशी तुमच्या दारात," नाना म्हणाले. "बठ्ठं आपलंच शे!"

पहिल्या वर्षी खरंच आली. नाना स्वतः टेम्पोत बडजीशेजारी बसून आले, लेकीला माहेरी आणावं तसे. लाकडाला तेल पाजून पाजून त्यांनी तिला अशी केली होती की अक्का ओळखेना. मग काठावरचा काळा खड्डा तिने बोटाने चाचपला आणि हसली. नानांनी भरीत-भाकरी इतकी खाल्ली की जाताना टेम्पोत त्यांना चढवावं लागलं.

पुढच्या वर्षी सण जवळ आला तसा मी फोन केला. "तेल पितेय, साहेब," नाना म्हणाले. दुसऱ्यांदा केला. "सावलीत वाळतेय." अक्काचे मला रोज फोन. शेवटी मी धुळ्याची बस पकडली. नानांचं दार उघडं होतं, खोल्या मोकळ्या होत्या आणि नानी ऐसपैस बसून भाजी निवडत होत्या. तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण मी पिकदाणीतून तूप वाढलेला माणूस. मला वाटलं, नानांनी रंग काढायला घेतलाय.

"चला, आधी जेवू," नाना म्हणाले. रिक्षाने आम्ही हायवेवरच्या एका नव्या हॉटेलात गेलो. आत शिरलो आणि नाना माळ्याकडे बघेनात. समोर बघत, लग्नघरच्या यजमानासारखे चालले होते. भिंतींवर हंडे, परातींमध्ये घड्याळं, पुरणयंत्रात पिवळा दिवा. मी म्हटलं, "वा! मालक रसिक दिसतो." हात धुवायला गेलो तर तिथे लाकडी बेसिन. काय कल्पना! साबण लावता लावता मी त्या लाकडाचं कौतुक करत काठावरून बोट फिरवलं, आणि बोट एका खड्ड्यात गेलं. बोटभर, काळ्या.

बडजीच्या बुडाशी गोल भोक पाडून जाळी बसवली होती. माझ्या आधीच्या माणसाच्या चुळीचं पाणी तिच्यातून खाली जात होतं.

मला हात धुववेनात. साबणाचे हात तसेच समोर धरून मी टेबलाशी आलो. नानांनी भरीत मागवलं होतं.

"नाना, अक्काची बडजी."

"पाहिली ना?" नाना खुलले. "माळ्यावर कोण बघत होतं, साहेब? इथे रोज शेकडो माणसं हात लावतात तिला."

"हात धुतात, नाना."

"मालकाने सगळ्या भांड्यांना जागा दिली. माझ्या खोल्यांत मावत नव्हती. नानीने जीव नकोसा केला होता."

"उद्या चंपाषष्ठी आहे. तुम्ही शब्द दिला होता."

नानांनी भाकरी मोडली. मी त्यांच्या चेहऱ्यावर अपराध शोधला, तो कुठे नव्हता. होता तो थोडासा कंटाळा, पाहुणा निघत नाही तेव्हा येतो तसा. "दिला तेव्हा खरंच दिला होता, साहेब," ते म्हणाले. मग मला बरं वाटावं म्हणून, "भोक लहानच आहे. खालून बूच मारलं की ठेचता येईल."

बडजी भिंतीत सिमेंटने बसवलेली होती. मालक म्हणाला, काढली तर फरशी जाईल. मी साबणाच्या हातांनीच बसमध्ये चढलो. कंडक्टरने सुट्ट्या पैशांसाठी हात पुढे केला आणि माझ्याकडे बघून मागे घेतला.

असोद्याला संध्याकाळी पोहोचलो. अंगणात वांगी धुऊन ठेवलेली होती. बस येते तिकडे तोंड करून अक्का बसली होती. माझे मोकळे हात तिने पाहिले. मी सगळं सांगितलं, नानांना जमतील तेवढ्या शिव्या दिल्या. ढोंगी म्हटलं, भामटा म्हटलं, माणसाने असा विश्वासघात करू नये म्हटलं.

अक्काने विचारलं, "भोक पाडलं?"

"हो."

"हात धुता तिच्यात?"

"हो गं. त्या नानाला मी सोडणार नाही."

"त्याले कायले शिव्या देतू?" अक्का म्हणाली. "मी त्याले कुठी दिल्ती? त्याले मी ओयखत बी नव्हती. मी तं तुले दिल्ती."

दुसऱ्या दिवशी भरीत स्टीलच्या घमेल्यात, वाटीच्या बुडाने रगडून झालं. खंडोबाने नैवेद्य घेतला असावा. अक्काने ताटात घेतलं, पण खाल्लं नाही.

नाना अजून धुळ्यातच आहेत. दिवाळीला न चुकता त्यांचा फोन येतो. "साहेब, या एकदा, बठ्ठं आपलंच शे!" मी फोन ठेवून देतो, पण नंबर खोडलेला नाही. तो माणूस लाकडावर हात ठेवून बसला होता ना, ते खोटं नव्हतं, असं मला अजूनही वाटतं. वाटणारच. तुपाचं भांडं ओळखणारा मी.

अलीकडे असोद्याला गेलो की अक्का मला आत बोलवत नाही. पूर्वी मी चपला काढून सरळ चुलीपाशी जायचो. आता ती ओसरीवरच खुर्ची टाकते आणि पाणी बाहेर आणून देते. मागच्या खेपेला तिने स्टीलचा ग्लास हातात दिला आणि माझ्याही नकळत मी त्याला टिचकी मारली.

"ग्लास हाये तो," अक्का म्हणाली. "पानी पे, आन् तठीच ठेव."